चव, पुरावा आणि चौकट: ‘च्यू’ व ‘गेट जिरो!’ यांचे वाचन

गुन्हेकथेत जेवण नवे नाही. विष कालवलेला पेला ही तिची जुनीच सामग्री आहे. पण खाद्यसंस्कृती म्हणजे केवळ पदार्थ नव्हेत. कोणी काय खावे, कोणाच्या हातचे खावे, काय वर्ज्य मानावे, या नियमांची ती व्यवस्था असते. नियम आला की नियमभंग आला, आणि तिथेच खाद्यसंस्कृती व गुन्हेकथा एकमेकींना भेटतात.

एक साधे उदाहरण घेऊ. बेंगळुरूच्या राजाजीनगरातील एखादी दर्शिनी ग्राफिक कादंबरीत आणायची आहे. तिथे आधी पैसे भरायचे, काउंटरवरून इडली-वडा घ्यायचा आणि उंच टेबलापाशी उभ्यानेच खायचा. चित्रकाराने सांबाराची वाफ रंगवली आणि तपास मात्र दुसरीकडेच चालू राहिला, तर दर्शिनी हे नुसते नेपथ्य ठरते. उलट, अनोळखी माणसे एकाच टेबलाशी पाच मिनिटे उभी राहतात, म्हणून तिथे निरोप पोचवणारा कोणाच्या लक्षात राहत नाही, असे कथानक रचले, तर खाण्याची रीतच गुन्ह्याचे साधन बनते. हीच आपली कसोटी.

जॉन लेमन (लेखन) आणि रॉब गिलरी (चित्रे) यांची ‘च्यू’ ही मालिका 2009 ते 2016 या काळात 60 अंकांत आली. बर्ड फ्लूने कोट्यवधी माणसे मेल्यावर अमेरिकेत कोंबडी खाण्यावर बंदी आली आहे. अन्न व औषध प्रशासन सर्वशक्तिमान झाले आहे आणि कोंबडीचा काळाबाजार तेजीत आहे. टोनी चू या पोलिसाला घास तोंडात घेताच त्या पदार्थाचा सारा इतिहास दिसतो. पहिल्याच अंकात तो सूप पितो. त्यात स्वयंपाक्याच्या कापलेल्या बोटाचे रक्त पडलेले असते, आणि तेवढ्यावरून त्याला त्या माणसाने केलेले खून दिसतात. इथे चव हाच पुरावा आहे. चित्राला चव नसते, ही माध्यमाची अडचण. लेमन-गिलरी चवीचे रूपांतर दृश्यात करून ती सोडवतात.

‘गेट जिरो!’ (2012) ही अँथनी बोर्डेन व जोएल रोझ यांनी लिहिलेली आणि लँग्डन फॉस यांनी चितारलेली कादंबरी. भविष्यातील लॉस एंजेलिसवर दोन शेफ टोळीप्रमुखांसारखे राज्य करतात. सुशी चुकीच्या रीतीने खाणाऱ्या गिऱ्हाइकाचे डोके जिरो उडवतो. विनोद धारदार आहे, पाककृतींचे तपशील जाणकाराचे आहेत. पण टोळ्यांच्या जागी दारूचे व्यापारी ठेवले, तरी कथानक जवळपास तसेच चालेल. आपल्या कसोटीवर ‘च्यू’ सरस ठरते.

तरीही ‘च्यू’ची एक मर्यादा भारतीय वाचकाला जाणवावी. तिच्यातील बंदी सर्वांना सारखीच लागू आहे. आपल्याकडे तसे नसते. महाराष्ट्रात 2015 पासून लागू झालेला गोवंश हत्याबंदीचा कायदा किंवा कर्नाटकाचा 2020 चा कायदा कागदावर सर्वांसाठी एकच आहे, पण ज्यांच्या ताटात ते मांस कधीच नव्हते, त्यांना त्याची झळ लागत नाही. 2015 साली दादरीत गोमांसाच्या संशयावरून जमावाने एका माणसाला ठार केले. त्यानंतर मांसाचा नमुना प्रयोगशाळेत गेला. खून माणसाचा, तपासणी अन्नाची. हा प्रसंग टोनीच्या जगात विनोद ठरला असता. इथे तो विनोद होऊ शकत नाही.

टोनीला सफरचंद खाताना त्याचे झाड आणि त्यावरचे कीटकनाशकही कळते. भारतीय टोनीला ते पिकवणारे, रांधणारे आणि उष्टी ताटे उचलणारे हातही कळतील, आणि त्या हातांची जातही. जेवणाऱ्याने जे जाणून घ्यायचे टाळले, ते त्याला टाळता येणार नाही. आपल्याकडची खाद्य-गुन्हेकथा इथून सुरू व्हायला हवी.

विचारासाठी प्रश्न: आपल्या गावातील एक खाण्याची जागा निवडा. तिथला कोणता अलिखित नियम मोडला, तर गुन्हेकथा सुरू होईल? तो नियम शब्दांशिवाय, तीन चौकटींत कसा दाखवाल?