मुक्काम कुणाला मिळतो?

कलाकाराला काही महिने जागा, मानधन आणि मोकळा वेळ द्यायचा, म्हणजे रेसिडेन्सी. शब्द नवा, पण असा मुक्काम आमच्या मराठवाड्याने दीडशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. १८७२ पासून पुढची बारा-तेरा वर्षं जॉन ग्रिफिथ्स जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. लेण्यांच्या अंधारात भिंतीसमोर बसून या मुलांनी रेघ न् रेघ उतरवली. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. हाताला लागलेलं वळण मात्र राहिलं. स्कूलच्या कुंभारकामात अजिंठ्याची नक्षी उतरली, आणि स्कूलची ती भांडी आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बघायला मिळतात.

कलावंताला असं बोलावून घेण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात सगळ्यात जास्त धडपड याच संग्रहालयाने केली, असं माझं मत आहे. २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर दारं उघडली आणि आजच्या कलावंतांना जुन्या संग्रहाला उत्तर द्यायला बोलावलं गेलं. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, एल. एन. तल्लूर, अतुल डोडिया येऊन गेले. मातीच्या वीतभर कारागिरांनी भरलेल्या कपाटांशेजारी आजचं काम उभं राहिलं की ती कपाटंही जागी होतात. तरी ही मुळात प्रदर्शनं. पाहुण्याला भिंत मिळते, कामाची खोली मिळत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइनमध्ये कलाकार इमारतीतच कामाला बसतो, आणि येणारा-जाणारा त्याच्या टेबलापाशी थांबून विचारू शकतो. उसवलेला टाका, तडकलेलं मडकं, खोडलेली रेघ तिथे दिसते. आपली संग्रहालयं हेच लपवतात, आणि शिकण्यासारखं तर नेमकं तेच असतं.

याहून मोठी उणीव निवडीची आहे. नावं फिरून फिरून महानगरांच्या गॅलऱ्यांतलीच. इकडे आमच्या मराठवाड्यातल्या तेलगावात मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात, आणि बऱ्याच जणांची चित्रकला तिथेच संपते. पण कसब कागदापुरतं नसतं. साखर कारखान्याच्या आवारात ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, त्या एकदा जवळून बघा. बांबू वाकवायचा, चटई आवळायची, वर पाचट आणि ताडपत्री. दार वाऱ्याकडे पाठ करून. नवरा-बायको मिळून दिवस मावळायच्या आत घर उभं करतात. वाकवलेल्या बांबूचा ताण बरोबर कुठे थांबवायचा, हे ज्या हाताला कळतं त्याला डिझाइनच्या संग्रहालयात जागा हवी, आणि ती काचेआड नको, कामाच्या टेबलाशी हवी.

कोकणातल्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय थाटलं. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे कला आणि मुक्काम एकाच छपराखाली आहेत. मोठ्या संस्थांनी आधी तिथे जाऊन बघावं.

संग्रहालयांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. दरवर्षी एक तरी खोली गावाकडच्या हातासाठी राखून ठेवा. अर्ज मराठीत घ्या, आणि मानधनाचा पहिला हप्ता आधी द्या, कारण आमच्याकडे उचल घेतल्याशिवाय घर सोडणं परवडत नाही. तारखाही बघून ठरवा. दिवाळीच्या सुमाराला इथला माणूस कोयता घेऊन निघतो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. त्याला बोलवायचं तर पावसाळ्यात बोलवा.