‘कर्बोदके कमी पडली तर’ या शब्दांविषयी

बालभारतीच्या 2018 सालच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान (भाग 2) या पुस्तकातील जीवनप्रक्रियांचा धडा आम्हाला आवडतो. कर्बोदके, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांच्या वाटा ॲसेटिल-को-एन्झाइम-ए या एकाच नाक्यावर कशा मिळतात, हे त्यातील आकृती चटकन दाखवते. आमचा आक्षेप आहे तो सोबतच्या मजकुरावर. उपवासात किंवा उपासमारीत कर्बोदके अपुरी पडली, तर ऊर्जेसाठी स्निग्ध पदार्थ व प्रथिने वापरली जातात, असा त्याचा आशय आहे. विद्यार्थी यातून एवढेच उचलतो की खरे इंधन ग्लुकोज, आणि मेद म्हणजे अडीअडचणीला मोडायची ठेव.

हृदयाच्या बाबतीत हे चित्र जवळजवळ उलटे आहे. निरोगी हृदय आपली सुमारे 60 ते 70 टक्के ऊर्जा एरवीही मेदाम्लांपासूनच मिळवते. भरपेट जेवणानंतर ग्लुकोजचा वाटा वाढतो, इतकेच. पायांचे स्नायूही यात मागे नाहीत. बोरिवलीच्या उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंत रमतगमत चालणारी सहल पोहे खाऊन निघालेली असली, तरी वाटेत तिचे स्नायू मेदाम्ले जाळतच असतात.

ही मेदाम्ले पेशीत शिरतात कशी, हा प्रश्न शाळेत सहसा निघतच नाही. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, म्हणून रक्तातून अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून येतात. काही मेदाम्ले रक्तातील मेदकणांमधून, केशवाहिन्यांच्या भिंतीवरील विकराने तेथेच सुटी केलेली असतात. पेशीपटल स्वतःच मेदाचे, तेव्हा त्यातून ती आपोआप झिरपत असतील, असे बराच काळ मानले जाई. झिरपण्याचा वाटा किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण 1993 मध्ये नादा अबुमराद व सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेदपेशींत मेदाम्ले आत घेणारे एक प्रथिन ओळखले. ते आज सीडी 36 म्हणून ओळखले जाते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या हृदयातील व स्नायूंतील मेदाम्लांचे शोषण सुमारे निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटलेले आढळले.

सीडी 36 एका जागी खिळलेले नसते. स्नायू आकुंचन पावू लागला किंवा इन्सुलिन वाढले, की पेशीच्या आत राखून ठेवलेले सीडी 36 पटलावर येते. काम संपले की परत जाते. म्हणजे पेशी मागणीप्रमाणे आपली दारे कमीजास्त करते. इन्सुलिनला प्रतिसाद मंदावलेल्या शरीरात मात्र हृदयपेशींचे सीडी 36 पटलावरच रेंगाळते. जळते त्याहून अधिक मेद आत येतो, साचतो आणि हृदयाचे काम बिघडवू लागतो. वर्गातील अनेकांच्या घरी मधुमेहाच्या गोळ्या असतात; ‘मधुमेह म्हणजे साखरेचा आजार’ यापलीकडे त्यांना काही सांगायचे, तर हा दुवा लागतोच.

‘कमी पडली तर’ हे शब्द काढून ‘कमी पडली तर अधिक’ असे लिहिले, तरी मजकूर पुष्कळ सुधारेल. आकृतीला हात लावायला नको. शिक्षकांनी फळ्यावर ग्लुकोजच्या समीकरणाशेजारी पामिटिक आम्लाचे (C₁₆H₃₂O₂) समीकरण मुलांकडून संतुलित करून घ्यावे. ग्लुकोजच्या एका रेणूला ऑक्सिजनचे 6 रेणू लागतात, याला 23. एटीपी मात्र अनुक्रमे सुमारे 30 ते 32 आणि 106. भागाकार केला, तर तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोज थोडे अधिक देते असे दिसेल. मग कान्हेरीच्या पायऱ्या धावत चढताना स्नायू कशाकडे वळत असतील, हे मुलांनाच विचारावे.