मोठी भूमिका कोणाच्या वाट्याला?

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात, पुणे–मिरज लोहमार्गावर, रहिमतपूर हे गाव आहे. कवी गिरीश यांचे चिरंजीव, नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म इथला. परदेशातल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत या गावाचे नाव घ्यायचे कारण असे की, हौशी मराठी रंगभूमीची गोष्ट कानेटकरांना वगळून सांगता येत नाही. त्यांचे पहिले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ साली रंगमंचावर आणले ते पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे हौशी मंडळींनीच. त्या संस्थेत घडलेले श्रीराम लागू साताऱ्यात जन्मलेले आणि पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर. मधली काही वर्षे त्यांनी आफ्रिकेत, टांझानियातल्या टबोरा इथे वैद्यकी केली. १९६९ साली डॉक्टरकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले ते कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून, आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर त्यांच्याकडे आले. ही भूमिका त्यांना का, असा प्रश्न कोणाला पडला नसावा. जवळजवळ दोन दशकांचे काम लोकांच्या डोळ्यांदेखत झाले होते.

आपल्या मंडळांत हा प्रश्न मात्र दरवर्षी पडतो, आणि बहुधा जेवणाच्या रांगेत दबक्या आवाजात विचारला जातो. परदेशात मराठी नाटक जगवणे ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. मॉरिशसमध्ये चार-पाच पिढ्यांपूर्वी गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे आजही मराठी नाटके बसवतात. उत्तर अमेरिकेत १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अधिवेशनांत नाटकाला हक्काची जागा मिळाली. शनिवार-रविवारच्या तालमी, कोणाच्या तरी तळघरात रंगवलेले फ्लॅट, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून मागवलेली पगडी आणि नऊवारी, असा हा सगळा खटाटोप असतो. तो टिकतो तो उत्साहावर. पण मुख्य भूमिका कोणाला द्यायची हे ठरवायची रीत आपल्याकडे अजून बसलेली नाही. कुठे ज्येष्ठता चालते, कुठे देणगी चालते, कुठे ज्याचे घर तालमीला मोठे पडते त्याचे पारडे जड होते. यावर विचार करायला मला एक अनपेक्षित आधार सापडला तो आपल्याच घरातल्या दुसऱ्या पिढीच्या टेबलावर.

आपली पंधरा-वीस वर्षांची मुले जो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात, तो खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून बाजारात आणला. शिकागोहून ते गाव गाडीने दीड-दोन तासांवर आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गेम मास्टर म्हणून कथा चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्राचा पेशा, म्हणजे ‘क्लास’, एका कागदावर लिहिलेला असतो आणि अडचणीच्या प्रसंगी वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लागतो. नेपथ्य नाही, प्रेक्षक नाहीत, संहिता नाही, पण भूमिका आहे. या खेळात साधा योद्धा, साधा चोर, साधा मांत्रिक यांच्या वर काही खास पेशे असतात. खेळाडूंची आणि खेळ रचणाऱ्यांची अर्धशतकाची डोकेफोड याच मुद्द्यावर आहे: हा वरचा पेशा मिळाला तर तो कमावल्यासारखा कसा वाटावा?

त्यांनी केलेले प्रयोग पाहण्यासारखे आहेत. १९७८ च्या नियमपुस्तकात ‘बार्ड’, म्हणजे गाणारा-सांगणारा शाहीर म्हणा, व्हायचे तर आधी योद्धा म्हणून पाच पायऱ्या चढायच्या, मग चोराचा पेशा धरायचा, मग ड्रुइड पुरोहितांकडे जाऊन त्यांची विद्या शिकायची. शिवाय जन्मतःच बहुतेक गुणांत वरचढ असायला हवे. अट इतकी कडक की तिथवर पोचणारा विरळा. अवघड होते यात शंका नाही, पण अवघड असणे आणि कमावणे या दोन गोष्टी एक नव्हेत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दुसरे टोक गाठले. तिथे ‘प्रेस्टिज क्लास’ नावाने खास पेशांची यादी आली आणि प्रत्येकापुढे अटींचे आकडे आले. ‘शॅडोडान्सर’, म्हणजे सावल्यांतून वावरणारा नर्तक, व्हायचे तर लपण्याच्या कौशल्यात दहा, चाहूल लागू न देण्यात आठ आणि नृत्यात पाच गुण हवेत. झाले! खेळाडू पहिल्याच दिवशी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडू लागले. नृत्याचे पाच गुण कागदावर भरले जात. कथेत ते पात्र कुठे नाचले का, हे विचारायची नियमाला गरज नव्हती. सातव्या-आठव्या पायरीला तो पेशा ठरल्या तारखेला पिकणाऱ्या मुदत ठेवीसारखा हातात पडे, आणि टेबलावरच्या बाकीच्यांच्या चेहऱ्यावर त्याचे काही उमटत नसे.

त्याच आवृत्तीत एक वेगळी अटही होती. ‘असॅसिन’ व्हायचे तर मारेकऱ्यांच्या टोळीत शिरण्यासाठी, दुसरे कोणतेही कारण नसताना, एकाचा जीव घ्यावा लागे. अट ओंगळ आहे, पण नाट्याच्या दृष्टीने बघा. ती आकड्यांनी भरता येत नाही. टेबलावर तो प्रसंग घडवावा लागतो, सोबत्यांना तो पाहावा किंवा त्यांच्यापासून लपवावा लागतो, आणि त्यानंतर ते पात्र पूर्वीचे राहत नाही. इंग्लंडमध्ये १९८६ साली आलेल्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ या खेळात उंदीर पकडणाऱ्यासारख्या हलक्या पेशापासून सुरुवात होते, आणि पुढच्या पेशात शिरायचे तर त्याचे सामानसुमानही मिळवावे लागते. घोडा हवा असेल तर घोडा कथेतच कुठून तरी आणावा लागतो. या सगळ्यावरून माझे मत असे झाले की, वरचा दर्जा कमावलेला वाटायला दोनच गोष्टी लागतात. तो ज्या कृतीतून आला ती कृती सोबत्यांच्या समोर घडलेली असावी, आणि दर्जाबरोबर काही ओझेही अंगावर यावे. किती वर्षे झाली, किती गुण साठले, अट किती अवघड होती, हे सगळे त्यानंतर.

आता मंडळाच्या नाटकाकडे वळू. विंगेत संहिता घेऊन उभा राहणारा प्रॉम्प्टर घ्या. सगळ्यांची भाषणे त्याला पाठ असतात. मुख्य नट कुठे श्वास घेतो, कुठल्या वाक्यावर हमखास अडखळतो, कोणता विराम त्याने मुद्दाम घेतलाय आणि कोणता विसरल्यामुळे पडलाय, हे त्याच्याइतके दिग्दर्शकालाही माहीत नसते. तो न मागता अर्धा शब्द पुरवतो आणि प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. या माणसाने पुढच्या वर्षी मोठी भूमिका मागितली तर त्याची कृती समोर घडलेली आहे; फक्त ती आपण कधी मोजत नाही, कारण ती पडद्यामागे घडते. उलट सलग दहा वर्षे गणेशोत्सवात दोन-दोन वाक्यांच्या भूमिका केल्या म्हणून अकराव्या वर्षी नायकाचा हक्क सांगणे हे नृत्याचे पाच गुण कागदावर भरण्यासारखेच आहे.

यावर पहिला आक्षेप हाच येईल की आपण हौशी माणसे, नोकरी-संसार सांभाळून नाटक करतो. इथे कसली परीक्षा घेता? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच १९७८ च्या बार्डसारखी लांबलचक शिडी आपल्या कामाची नाही. पण हौस म्हणजे निकष नसणे नव्हे. टेबलावर फासे टाकणारी मुलेही हौसेनेच खेळतात, आणि फुकट मिळालेल्या पेशाचा कंटाळा त्यांनाच आधी येतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: बालगंधर्व. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि थेट शकुंतला झाले. कुठे दासी, कुठे सखी असे करत ते वर चढले नाहीत. मग कमावण्याची ही भाषा कशाला? याला उत्तर असे की, मंडळीतले गाणारे नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले होते आणि मंडळीला गाणारी नायिका हवी होती. या मुलाच्या गळ्याची कीर्ती तो मंडळीत येण्याआधीच झालेली होती. त्याची कृती दुसऱ्या टेबलावर झाली होती इतकेच. पुढे भास्करबुवा बखल्यांची तालीम आणि १९१३ नंतर स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीचा आणि तिच्या कर्जाचा भार, म्हणजे ओझेही भरपूर आले. बाहेरून आलेल्या गुणी माणसाला तळापासून सुरुवात करायला लावणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो आपल्या मंडळांत अधूनमधून होतो.

तिसरी शंका जुन्या कंपूची. निकष म्हटले की ते राखणारे आले आणि आपल्या माणसांना पुढे करणारेही आले. खेळातल्या ड्रुइडांचा जुना नियम इथे आठवतो. सर्वोच्च जागा एकच, आणि वर चढायचे तर त्या जागेवरच्याला द्वंद्वात हरवायचे. काही मंडळांची कार्यकारिणी याच नियमाने चालते असे वाटते, असो. पण कंपूचा जोर चालतो तो निवड बंद खोलीत झाली म्हणजे. सर्वांसमोर वाचन झाले, प्रत्येकाने मागच्या वर्षी काय केले ते उघड असले, तर वशिल्याला जागा कमी उरते आणि नव्याने आलेल्याला आधार मिळतो.

तेव्हा यंदाच्या नाट्यसमितीला विनंती आहे. प्रयोगाच्या पत्रिकेत प्रॉम्प्टर, कपडेपट आणि पडदा सांभाळणाऱ्यांची नावे नटांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत छापा, पुढच्या नाटकाचे पहिले वाचन सर्व सभासदांसाठी खुले ठेवा, आणि मुख्य भूमिका ज्याला द्याल त्याच्याकडे एका नवख्याला तयार करण्याची जबाबदारीही त्याच दिवशी सोपवा.