पडद्यावरचे धरण आणि वर्गातला प्रश्न

कविता, कथा, आत्मकथने यांची चिकित्सा आपण हिरिरीने करतो. परंतु शाळेच्या पडद्यावर जे रोज मुलांच्या मनावर ठसते, ते मात्र ‘साधन’ म्हणून सोडून देतो. ही समजूत भाबडी आहे. शैक्षणिक व्हिडिओ हीसुद्धा एक संहिता आहे. तिला कर्ता असतो, त्याला दृष्टी असते, आणि ती दृष्टी कोणत्या वस्तीतून आली हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

केंद्र सरकारने २०१७ साली ‘दीक्षा’ सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलने टिपला की धड्याला जोडलेली चित्रफीत उघडते. ही सोय मी नाकारत नाही. ज्याच्या घरी पुस्तक कधी नव्हते, त्याच्यापर्यंत ज्ञान पोहोचत असेल तर त्याला विरोध कोण करील? प्रश्न आहे तो त्या ज्ञानात माणूस कुठे आहे, हा.

मुळशी तालुक्यातील एका शाळेत मी असा एक तास पाहिला. डोंगरात नेटवर्क नीट मिळत नाही, म्हणून शिक्षकांनी पौडला गेले असताना फीत मोबाईलवर उतरवून आणली होती. विषय जलविद्युत. पडद्यावर निळे पाणी, भिंत, फिरणारे जनित्र, शेवटी उजळलेला दिवा. मुले खिळून गेली होती. एवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली हाय, असं आज्जी म्हणती. ते यात का नाय?” फीत चालूच राहिली. मुलगी खाली बसली.

त्या शाळेजवळच मुळशीचे धरण आहे. पूर्वेकडे वाहणारे मुळेचे पाणी अडवून ते पश्चिमेला वळवले गेले आणि सह्याद्रीवरून खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजगृहात सोडले गेले. वीज मुंबईकडे गेली. टाटांच्या या योजनेविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. फितीत भिंत आहे, जनित्र आहे. बुडालेले गाव नाही. आणि सत्याग्रहाच्या सांगण्यातही शेतकरी व सावकार येतात. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्या महारवाड्यातल्या नि कातकरी वाडीतल्या माणसाचा मोबदला कोणत्या वहीत लिहिला गेला? म्हणजे जो आधी सातबारावर नव्हता, तो आता पडद्यावरही नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागितले होते की प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान असावे. त्यांचा रोख ज्ञान कोणाच्या हातून आणि कोणाच्या जगण्यातून येते, यावर होता. यंत्र बदलले तरी तो प्रश्न शिळा झालेला नाही.

चांगली फीत कशी असते, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवणाऱ्या छोट्या फिती केल्या. त्या मराठीतही आहेत. त्या पाहून मूल टाळी वाजवून थांबत नाही. आगकाडी नि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी शोधायला उठते. मूल गुंगणे आणि मूल कामाला लागणे यांतला फरक इथे कळतो.

तास संपल्यावर शिक्षक मला म्हणाले, “तिचा प्रश्न मी ऐकला होता. पण उत्तर मलाच येत नव्हतं. मला तरी हे कुठं शिकवलं?” या कबुलीत त्यांचा दोष मी मानत नाही, आपल्या सगळ्या शिक्षणाचा तो पंचनामा आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : फीत जरूर दाखवा, पण प्रश्न आला की थांबवा. मोबाईलमध्ये पडद्यासारखा कॅमेराही असतो. तो त्या मुलीच्या हाती द्या आणि तिला आज्जीपुढे बसवा. धड्याचा उरलेला भाग तिथे आहे.