लोखंडी पेटीतला वर्ग

जहाजावरून माल नेणाऱ्या लोखंडी पेटीला, म्हणजेच कंटेनरला, दारे-खिडक्या पाडून तिची खोली करावी, ही कल्पना आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. शहरांत अशा खोल्यांतून उपाहारगृहे आणि कार्यालये चालतात. अलीकडे ही कल्पना जंगलातील गावांपर्यंत पोचली आहे. जेथे शाळेला इमारत नाही तेथे कंटेनर नेऊन ठेवावा, आठवड्याभरात वर्ग सुरू होईल, असे सुचवले जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांपुरती ही सूचना शिक्षकांनी बारकाईने तपासावी असे आम्हांला वाटते. कारण त्या खोलीत दिवसचे दिवस बसायचे आहे ते शिक्षकांना आणि मुलांना.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात बंगारुपल्ली या वनक्षेत्रातील गावी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कंटेनर शाळा’ सुरू झाली. वनक्षेत्रात पक्क्या बांधकामाला अडचण, म्हणून हा मार्ग काढला गेला. या शाळेची मापे २५ फूट लांब आणि २५ फूट रुंद अशी प्रसिद्ध झाली. आता जहाजावरची पेटी जगात कोठेही ८ फूटच रुंद असते. तेव्हा बंगारुपल्लीची शाळा ही एखादी जुनी पेटी नव्हे. ती कारखान्यात तयार केलेल्या भागांची जोडणी आहे. गडचिरोलीत नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरी येथे चोवीस तासांत पोलीस मदत केंद्र उभे राहिले, तेव्हाही वापरल्या गेल्या त्या अशाच तयार खोल्या, म्हणजे पोर्टा केबिन. या खोल्यांच्या भिंतींत साधारणतः दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये उष्णतारोधक फोम भरलेला असतो. मालवाहू पेटीच्या भिंतीत असे काहीही नसते. दोन्हींना वर्तमानपत्रे कंटेनर म्हणतात, आणि एकीचे यश दुसरीच्या खात्यावर जमा होते.

मालवाहू पेटीचा जन्म कशासाठी झाला ते पाहू. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. माल पुन्हा पुन्हा न हाताळता पेटीच उचलून जहाजावरून रेल्वेवर किंवा ट्रकवर ठेवायची, हा त्यामागचा विचार. पुढे पेटीची मापे जगभर एकसारखी ठरली. भरलेल्या पेट्या एकावर एक रचता याव्यात म्हणून तिचे सगळे बळ चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि कडांच्या चौकटीत एकवटलेले असते. भिंती आणि छप्पर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा. पाणी, वारा, चोर यांपैकी कोणीही आत शिरू नये, यासाठी ती घट्ट बंद होते.

अशा पेट्यांपासून राहण्याजोगी इमारत करण्याच्या पद्धतीवर फिलिप क्लार्क यांना १९८९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. म्हणजे कल्पना जुनी आहे. पण वर्गाला हवे असते ते पेटीच्या बरोबर उलट: भरपूर उजेड, खेळती हवा, सावली, आणि आत-बाहेर करण्याची मोकळीक. बंदपणा हा पेटीचा गुण आहे. वर्गात तोच दोष होतो.

हे नुसते मत राहू नये म्हणून थोडा हिशेब करू. आठवी-नववीचे विद्यार्थीही तो करू शकतील.

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूरला दुपारी हवेचे तापमान ४० अंश असणे ही नित्याची गोष्ट. स्वच्छ उन्हात आडव्या छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॉट ऊर्जा पडते. जुन्या, गडद रंगाच्या पेटीने त्यांपैकी ७० टक्के शोषली, तर ते झाले ६३० वॉट. मंद वाऱ्यात तापलेला पृष्ठभाग, हवेपेक्षा तो जितके अंश अधिक तापला असेल तितक्या अंशांमागे साधारण २२ वॉट परत टाकतो. म्हणून छप्पर हवेपेक्षा जवळजवळ २९ अंशांनी तापेल, म्हणजे सत्तरीच्या घरात जाईल. पांढरा रंग लावून शोषण ३० टक्क्यांवर आणले तर ही वाढ १२-१३ अंशांवर येते. रंगाचा एक हात एवढा फरक करतो हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तरीही छप्पर पन्नाशीच्या वरच राहते, आणि पांढरा रंग धुळीने लवकरच मळतो. मे महिन्यात शाळेला सुटी असते आणि उन्हाळ्यात वर्ग सकाळी भरतात हे खरे; पण पत्रा तापायला दुपारची वाट पाहत नाही, आणि आश्रमशाळेच्या वसतिगृहातील मुले तर दिवसभर तेथेच असतात.

दुसरा हिशेब उष्णता साठवण्याचा. वीस फुटी रिकामी पेटी सुमारे २,२०० किलो वजनाची असते. लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.४८ धरली, तर सगळी पेटी एक अंशाने तापायला १,०५६ किलोज्यूल लागतात. आता गावातली ४० सेंटिमीटर जाडीची मातीची भिंत घ्या. तिच्या एका चौरस मीटरचे वजन ६८० किलोच्या आसपास, आणि मातीची विशिष्ट उष्णता ०.९ च्या जवळपास. गुणाकार केल्यास ६१२ किलोज्यूल येतात. याचा अर्थ, मातीच्या अवघ्या दोन चौरस मीटर भिंतीत सबंध पेटीपेक्षा अधिक उष्णता मावते! शिवाय एवढ्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला दहा-बारा तास लागतात. पत्र्यातून ती पाहता पाहता पोचते. मातीचे घर थंड का राहते याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्यात परंपरेचे गोडवे गाण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरा हिशेब हवेचा. वीस फुटी पेटीची आतली जागा साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद व २.३९ मीटर उंच, म्हणजे ३३ घनमीटर. तीस मुले बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा चौरस मीटरही जमीन येत नाही. एक मूल तासाला सुमारे १२ लीटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. दारे बंद असतील तर तासाभरात ३६० लीटर, म्हणजे आतल्या हवेच्या एक टक्क्याहून अधिक. मोकळ्या हवेतील प्रमाण ०.०४ टक्क्याच्या थोडे वर असते. मुले पेंगतात ती नेहमीच पाठ कंटाळवाणा असतो म्हणून नव्हे.

पावसाळ्यात पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात शिकवता येत नाही, हे टिनाच्या छपराखाली शिकवणाऱ्यांना सांगायला नको. हिवाळ्याच्या रात्री छप्पर मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होते, आणि आत झोपलेल्यांच्या श्वासातील बाष्प त्यावर दवासारखे जमून खाली टपकते. पेटीच्या तळाला जाड प्लायवूड असते. समुद्रप्रवासात कीड लागू नये म्हणून त्यावर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. दारावरच्या धातूच्या पट्टीवर तिची नोंद सापडते. लहान मुले ज्या जमिनीवर बसतात, जेवतात, तेथे ही पट्टी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यावर उपाय नाहीत असे नाही. आतून फोमचे अस्तर द्यावे, खिडक्या कापाव्यात, पंखे लावावेत, असे समर्थक सांगतात. पण प्रत्येक उपाय नवा प्रश्न आणतो. बाजूची भिंत मोठी कापली की तिचा आधार जातो आणि नवी चौकट वेल्डिंगने बसवावी लागते. पंख्याला वीज हवी. फोम पेटला तर विषारी धूर होतो, आणि पेटीचे मूळ दार एकाच टोकाला व बाहेरून अडसर लावून बंद होणारे असते. ही भीती पोकळ नाही. शेजारच्या बस्तर भागात, हिंसाचारात शाळा नष्ट झाल्यानंतर, बांबू आणि प्लायवूडच्या पोर्टा केबिनमध्ये निवासी शाळा सुरू झाल्या. त्यांनी असंख्य मुलांचे शिक्षण वाचवले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ‘तात्पुरत्या’ म्हणून आलेल्या या शाळा वर्षानुवर्षे चालत राहिल्या. मार्च २०२४ मध्ये बिजापूर जिल्ह्यातील चिंताकोंटा येथील अशा एका मुलींच्या शाळेला आग लागली आणि चार वर्षांची मुलगी मरण पावली. खोली लोखंडाची असो की बांबूची, आतून उघडणारी दोन दारे दोन बाजूंना नसतील तर तिला वर्ग म्हणू नये.

मग पेटी अगदी निरुपयोगी काय? तसे नाही. घाई असेल आणि सुरक्षितता महत्त्वाची असेल तेथे तयार खोली योग्यच ठरते. वांगेतुरीत तेच झाले. पर्लकोटेच्या पुराने भामरागड दर पावसाळ्यात तुटते. अशा ठिकाणी दोर, होड्या, ताडपत्र्या, वणवा विझवण्याची साधने ठेवायला उंच जोत्यावरची लोखंडी पेटी उत्तम. उंदीर आणि वाळवी तिचा पत्रा कुरतडू शकत नाहीत. वीज कोसळत असताना धातूच्या बंद पेटीत बसलेला माणूस झाडाखालच्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो, कारण विद्युतप्रवाह बाहेरच्या पत्र्यातून जमिनीत जातो. पेटीचे हे खरे गुण आहेत आणि ते कोठाराचे गुण आहेत.

कोठार आणि वर्ग यांची सांगड घालता येते. दोन पेट्या पाच-सहा मीटर अंतरावर समांतर ठेवाव्यात, त्यांवर हवा खेळती राहील अशी दीड-दोन फुटांची फट सोडून एकच मोठे छप्पर घालावे, आणि ते वादळात उडू नये म्हणून पेट्यांच्या कोपऱ्यांना घट्ट बांधावे. वर्ग भरेल तो मधल्या सावलीत. पेट्यांत राहतील पुस्तके आणि साहित्य. मात्र असा विचार केला की एक गोष्ट आपोआप उघड होते. वर्गाचे खरे काम छप्पर करते. पेटी हे केवळ मोठे कपाट आहे. ते कपाट हायड्रा क्रेन आणि ट्रक लावून जंगलात न्यायचे की तेवढ्याच पैशांत गावातल्या मिस्त्रीकडून माती-बांबूच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर करून घ्यायचे, हा निवड करण्याचा प्रश्न आहे.

बांबूही दोषमुक्त नाही. तो किडतो, ओल धरतो, पेटतो. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये मोठी आग लागली होती. पण बांबूवर प्रक्रिया करता येते, मोडलेला तट्टा गावातच बदलता येतो. गंजलेल्या पत्र्यासाठी वेल्डिंग करणारा तालुक्याहून आणावा लागतो. दहाव्या वर्षी दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

राहिला प्रश्न पक्क्या बांधकामाच्या परवानगीचा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा तेरा सुविधांसाठी, ग्रामसभेने शिफारस केल्यास, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे मात्र तोडता येत नाहीत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. म्हणजे कायदा आहे, सामग्री आहे, निर्णय घेणारी ग्रामसभाही आहे. असे असता ‘पक्के चालत नाही म्हणून पेटी’ हे उत्तर देण्यापूर्वी कलम ३(२) खालील प्रस्ताव गेला होता का, हे शिक्षकांनी अवश्य विचारावे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत रुग्णालय उभारताना आदिवासींना आधी विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते असे लोकांनी सांगितल्यावर शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले. शाळेबाबतही असे विचारता येईल.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुचवतो. सारख्या आकाराचे तीन रिकामे पत्र्याचे डबे घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला चुना लावा, तिसऱ्याला बाहेरून तीन बोटे जाड मातीचा लेप देऊन पूर्ण वाळू द्या. प्रत्येकाच्या झाकणातून तापमापी आत सोडा. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला तिन्ही तापमाने आणि सावलीतील हवेचे तापमान लिहा व आलेख काढा. कोणत्या डब्याचे शिखर सर्वांत उंच, कोणत्याचे सर्वांत उशिरा, हे मुलांना स्वतः पाहू द्या. गावात कधी पेटीचा प्रस्ताव आला, तर हा आलेख ग्रामसभेपुढे ठेवा.