त्या गाडीत आणखी कोण होतं?

आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड ठरावीक दिवसांनी उगवतो. जपानमधल्या होक्काइदो बेटावरचं खेड्यातलं स्टेशन. तिथून चढणारी एकच शाळकरी मुलगी. तिचं शिक्षण संपेपर्यंत रेल्वेने स्टेशन बंद केलं नाही. सोबत बर्फातला फलाट आणि हात जोडलेले इमोजी. परवा मुलुंडहून निघालेल्या स्लो लोकलच्या दारात, एक हात कुणाच्या तरी बॅगेखाली अडकलेला असताना, मी ते पुन्हा वाचलं आणि पुन्हा गलबललो. मग स्वतःचाच राग आला.

गोष्टीची बांधणी पक्की आहे, हे आधी मान्य करू. एक मुलगी, एक गाडी, दोन वेळा. सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पण एवढी आटोपशीर गोष्ट हाती आली की त्यातून कुणाला वगळलंय, ते बघावं.

स्टेशनचं नाव क्यू-शिराताकी. जानेवारी २०१६मध्ये गोष्ट जगभर पसरली तेव्हा अनेकांनी नाव छापलं ते जवळच्या कामी-शिराताकीचं. मार्चमध्ये ही दोन्ही आणि शिमो-शिराताकी अशी तीन स्टेशनं एकदम बंद झाली, प्रवासी उरले नाहीत म्हणून. जपानमध्ये रेल्वेचं नवं वेळापत्रक मार्चमध्ये येतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. रेल्वे तिच्यासाठी ‘थांबली’, हे क्रियापद आपलं. त्याच मार्गावर इतर स्टेशनांवरून आणखी विद्यार्थी गाडीत असायचे. त्यांना गोष्टीतून उतरवलं, कारण दहा-बारा जणांसाठी कुणी रडत नाही.

याच बेटावर घडणारा ‘पोप्पोया’ हा १९९९चा सिनेमा मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटतो. यासुओ फुरुहाताच्या या सिनेमात केन ताकाकुराचा स्टेशनमास्तर मुलगी गेली त्या दिवशीही ड्युटीवर असतो, बायको गेली तेव्हाही. एकाकी स्टेशन चालू ठेवायचं तर त्याची किंमत कुणीतरी मोजतं, हे तिथे दिसत राहतं. (शेवटाकडे सिनेमा डोळ्यांतून जरा जास्तच पाणी काढतो, ते सोडून देऊ.) शूटिंग झालं ते इकुतोरा स्टेशनही २०२४मध्ये कायमचं बंद झालं.

आपल्याकडे असा विषय आला की ‘शकुंतला’ निघते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज. विदर्भातला कापूस मुख्य मार्गावर आणायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली लाइन. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत तिने ओढलं. तिच्यावरचे लेख मी बरेच वाचले आणि जवळपास सगळे एकाच वाक्याभोवती फिरतात: स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश कंपनीच्या मालकीचे रूळ. गाडी भारतीय रेल्वेची, रूळ किलिक निक्सनशी जोडलेल्या खासगी कंपनीचे, ही भानगड चमत्कारिक आहेच, शीर्षकाला तर सोन्यासारखी. पण लेख संपतो तेव्हा दारव्हा मोतीबागला कोण चढलं, कारंज्याला कोण उतरलं, काही कळलेलं नसतं. तिकडे मुलगी सगळी जागा खाते, इकडे साहेब.

माझी आजी यवतमाळ जिल्ह्यातली. शकुंतलेवर तिचं प्रेम वगैरे नव्हतं. एसटीच्या तिकिटापेक्षा खूप स्वस्त, म्हणून ती त्या गाडीत बसायची. बाजूच्या बाईकडे कोंबड्या असायच्या, गाडी इतकी हळू जायची की दुपारची भाकरी गाडीतच व्हायची. स्टेशनवर माणूस नसला की गाडीतलाच कर्मचारी उतरून तिकिटं द्यायचा, डबे सोडवायचं-जोडायचं कामही तीच मोजकी माणसं करायची. यात विशेष काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. गाडी बंद पडली तेव्हा गावातल्या लोकांनी ती परत सुरू व्हावी म्हणून आंदोलनं केली. ती आठवणींसाठी नव्हती, भाड्यातल्या फरकासाठी होती. हा फरक ज्यात रुपयांत मांडलाय असा एकही लेख माझ्या वाचनात आलेला नाही.

आणि आपण, उपनगरातले? क्यू-शिराताकी बंद झालं त्याच २०१६च्या डिसेंबरात जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राममंदिर स्टेशन उघडलं. त्याची गोष्ट कुणी फॉरवर्ड केली नाही. आपण फार आहोत. जून २०२५मध्ये मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली, तेव्हाही आधी आकडा आला, नावं नंतर. मला वाटतं, त्या जपानी गोष्टीचं खरं गिऱ्हाईक लोकलच्या दारात लटकणारा माणूसच आहे. आपल्याला कुणीतरी मोजावं, एक म्हणून मोजावं, ही हौस ती अर्ध्या मिनिटात भागवते. या हौशीला मी हसत नाही, मी स्वतः त्याच दारात होतो. पण गोष्ट वाचून फोन खिशात गेला की पुढची लोकल का रद्द झाली, हे विचारायचं राहून जातं.

घरी आल्यावर आजीला ती गोष्ट वाचून दाखवली, फोटोसकट. तिने चष्मा वर केला, फलाट नीट बघितला.

“अन् बाकीचे पोट्टे?” ती म्हणाली. “ते कशानं जात होते?”