अलंकार आणि 'अलम्'

समुद्रकिनारी वेचलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांतून दागिने घडविण्याची कला पाश्चात्य देशांत आता रुजली आहे. तिला केवळ हौस समजून झिडकारू नये, तसेच सत्कृत्य म्हणून तिच्यावर स्तुतिसुमनेही उधळू नयेत. ती कला असेल, तर तिचा कस लावलाच पाहिजे.

सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर लागतो. येथे तो दगड निरुपयोगी आहे. ऑटो कुंझली या स्विस कलावंताने 1980 साली काळ्या रबराच्या नळीत सोन्याचा गोळा दडवून एक कंकण घडविले व त्यास 'सोने आंधळे करते' असे नाव दिले. मोल पदार्थात असते की पाहणाऱ्याच्या समजुतीत, हा त्यातील प्रश्न होय.

कॅलिफोर्नियात केहो किनाऱ्यावर ज्युडिथ व रिचर्ड लँग हे दांपत्य 1999 पासून प्लास्टिक वेचू लागले. त्यातून चित्रे, शिल्पे व दागिने निर्माण झाले. तुकड्यांना ते वेगळा रंग देत नाहीत. लाटांनी झिजविलेले मूळ रूप तसेच राहू देतात. हा प्रामाणिकपणा हाच त्या कलेचा खरा गुण. उलट, तेच प्लास्टिक वितळवून, चकाकी देऊन रत्नासारखे भासविले, तर ती कला न राहता केवळ बतावणी होते.

वेचून सजविणे आपणांस नवे नाही. चवथीच्या माटोळीत रानातली फळे, फुले, पाने देवाच्या मस्तकावर शोभतात आणि पुढे मातीस मिळतात. प्लास्टिकला ती गती नाही. तिळारीचे पाणी डिचोली महालात साळ गावावरून येते, पेडणे व बारदेस यांमधून शापोरा नावाने वाहत मोरजीपाशी समुद्रास मिळते. वरच्या गावाने टाकलेली पिशवी मोरजीच्या वाळूत, जेथे सागरी कासवे अंडी घालण्यास येतात, तेथे पोहोचू शकते. कानांतल्या एका कुडीने तो किनारा स्वच्छ होणार नाही, हे कलावंताने व रसिकाने दोघांनीही ओळखावे.

मग अशा दागिन्याचे प्रयोजन काय? 'अलंकार' शब्दात 'अलम्' आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'पुरेसे' असा होतो, तसाच 'पुरे, आता नको' असाही होतो. पहिल्या अर्थाचा दागिना आपला शेट पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आला आहे. किनाऱ्यावरच्या प्लास्टिकचा दागिना दुसरा अर्थ बोलू लागला, तरच तो अलंकार ठरेल.